लाल फुली

गडमुडशिंगी,
१२ ऑगस्ट २०२४

मुबशिरा बेटा,

मामूचं कागदावरचं पत्र आलं म्हणून घाबरू नकोस. घरात कुणी आजारी नाही, कुणाचं लग्न ठरलेलं नाही. फोनवर खासगी बोलायची सोय राहिली नाही, एवढंच. माझा फोन बहुतेक वेळ तुझ्या मामीच्या हातात असतो, आणि माझ्या हातात आला की घोटाळा होतो. परवा एका गिऱ्हाइकाबद्दल चांगल्या तिखट शब्दांत आवाजी निरोप ठेवला, तो नेमका त्याच गिऱ्हाइकाच्या ग्रुपवर गेला. त्यांनी खाली हात जोडल्याचं चित्र टाकलं. तेव्हापासून महत्त्वाचं जे असेल ते कागदावर.

तू पुण्यात विषाणूंच्या प्रयोगशाळेत आहेस म्हणून विचारतो. आपल्या फौंड्रीत एक माणूस आहे. नाव लिहीत नाही. पन्नाशी ओलांडलेलं, कष्टाळू, तोंडानं फटकळ, कुणाच्या बापाचं न ऐकणारं, आणि खरं सांगायचं तर निम्मा कारखाना त्याच्या जिवावर चालतो. त्या माणसाला एच.आय.व्ही. आहे असं कानावर आलंय. सरकारी दवाखान्यातल्या त्या ठराविक खिडकीसमोर कुणीतरी पाहिलं म्हणे. पाहणारा त्या खिडकीसमोर काय करत होता, हे कुणी विचारलेलं नाही. आपल्याकडं तसं विचारायची पद्धत नाही.

आपले नवे मॅनेजर उदयसिंह यांचं म्हणणं पडलं की त्या माणसाला कामावरून काढावं. उदयसिंह तुला माहीत नाही. गेल्या दिवाळीत भंगाराचा भाव विचारायला म्हणून गेटवर आला. वॉचमननं रीतीप्रमाणं "या पावणं, बसा" म्हणून खुर्ची दिली. आपल्या भागात अनोळखी माणूस म्हणजे पावणं. तू कोण, कशाला आलास, हे चहा झाल्यावर विचारायचं, आणि चहा झाल्यावर ते विचारणं बरं दिसत नाही. दुसऱ्या दिवशी पुन्हा आला. संक्रांतीला त्याच्याकडं किल्ल्या होत्या. दिल्या मीच. बोलणं गोड, इंग्रजी त्याहून गोड. "मालक, भावना जरा बाजूला ठेवून बघूया," असं तो म्हणाला की ओळखावं, आता कुणाच्या तरी पोटावर पाय येणार.

तर मला दोन गोष्टी सांग. हा विषाणू अंगात शिरतो कसा, आणि आपलं अंग मुकाट बघत का बसतं? शरीरात फौज असते असं तूच लहानपणी पाठ म्हणून दाखवायचीस. दुसरं, त्या माणसाला कामावर ठेवलं तर बाकीच्यांना धोका काय? भट्टीवरच्या गड्याला कळेल असं लिही. ठेवायचं की काढायचं, ते मला ठरवायचंय.

तुझा मामू,
दिलदार


पुणे,
२० ऑगस्ट २०२४

मामू, सलाम.

पत्र मिळालं. आधी तुम्ही विचारलेलं लिहिते, मग मला विचारायचंय ते.

तुमच्या फौंड्रीत मी उन्हाळ्याच्या सुट्ट्या काढल्यात, तेव्हा तुमच्याच भाषेत सांगते. तुमच्याकडं रॅकवर लाकडी पॅटर्न असतात. पॅटर्नवरून वाळूचा साचा, साच्यात लोखंड ओतून कास्टिंग. पेशीतही तसंच. डीएनए हा पॅटर्न, त्यावरून आरएनए नावाची कामापुरती नक्कल, आणि त्या नकलेवरून माल. हा सरळ रस्ता. एच.आय.व्ही. उलटा चालतो. येताना बरोबर नुसती आरएनएची नक्कल आणतो आणि आत आल्यावर तिच्यावरून पॅटर्न तयार करतो. म्हणूनच त्याच्या जातीला रेट्रोव्हायरस म्हणतात, उलट्या चालीचे. मग तो पॅटर्न तुमच्या रॅकवर, तुमच्याच पॅटर्नांच्या मधे, पक्का बसवून टाकतो. साचे भरणारा मोल्डर काय म्हणणार? रॅकवर आहे म्हणजे मालकाचाच असणार, काढा माल. त्यानंतर वाळू तुमची, वीज तुमची, गडी तुमचे, आणि माल त्याचा.

शिरतो कुठून, तर फौजेच्या नायकातूनच. बाकी पहारेकऱ्यांना हुकूम सोडणाऱ्या पांढऱ्या पेशी असतात, त्यांच्या दाराची कडी याच्या हाताला बरोबर बसते. आत परका डीएनए दिसला तर पेशीत घंटा वाजते. पण विषाणू पॅटर्न बनवायचं काम अंगावरच्या कवचाच्या आतच उरकत नेतो, आणि त्या कवचावर पेशीचंच एक प्रथिन पांघरून घेतो. घंटेला वाटतं, घरचंच कुणीतरी चाललंय.

औषध आहे. रोजची गोळी. तिच्यातलं एक औषध उलटा पॅटर्न बनू देत नाही, दुसरं तो रॅकवर बसू देत नाही. आधी बसलेले मात्र निघत नाहीत, म्हणून गोळी सोडायची नाही. ती नियमानं घेतली की रक्तात मोजण्याइतकाही विषाणू सापडत नाही, आणि मग नवराबायकोच्या संबंधातूनसुद्धा तो दुसऱ्याला जात नाही. चहा, ताट, घाम, शिंक, शेजारी बसणं, यांतून तर तो कधीच जात नव्हता. कामावरच्या लोकांना धोका शून्य.

आता माझं. मामू, आमच्याकडं जे फोन येतात त्यांत आजार नेहमी मित्राला झालेला असतो. पन्नाशी ओलांडलेला, फटकळ, कुणाचं न ऐकणारा, आणि ज्याच्या जिवावर कारखाना चालतो असा माणूस तुमच्या फौंड्रीत एकच आहे. त्याला मी चांगली ओळखते. त्याच्याच खांद्यावर बसून मी उरूस बघितलाय. माझ्यापासून लपवू नका. मामीला सांगितलंत का? तिचीही तपासणी करून घ्यावी लागेल. गोळ्या वेळेवर घ्या, तुम्ही भरपूर जगणार आहात.

तुमची,
मुबशिरा


गडमुडशिंगी,
२६ ऑगस्ट २०२४

अगं ए शहाणे,

मला काही झालेलं नाही! हे पहिल्याच ओळीत लिहितो, कारण तुझी मामीही हे पत्र पाकिटात घालायच्या आधी वाचणार आहे.

तुझं पत्र कुरिअरवाल्यानं घरी दिलं. मी कारखान्यात. संध्याकाळी घरी आलो तर माझा टॉवेल बाहेर पेरूच्या झाडावर, गादी गच्चीवर, आणि जेवण लग्नातून उरलेल्या कागदी पत्रावळीवर. तुझी मामी रशिदा दारात पत्र घेऊन बसलेली.

"कोन ती?" म्हणाली.

"कोन ती कोन?"

"जिच्याकडनं आणलासा ती."

"अगं, फौंड्रीतल्या एका माणसाचं हाय ते."

"व्हय की. पन्नाशीचा, फटकळ, कुनाचं न ऐकनारा. पोरीनं लांबनं ओळखलं. मी जवळनं सोसतोय."

मी म्हटलं, बाई, चहातनं, ताटातनं होत न्हाय असं त्यात लिहिलंय की! तर म्हणते, "कपातल्या चहाचं लिहिलंय. बशीतल्या चहाचं कुठं लिहिलंय?"

तेव्हा बेटा, इथून पुढं बशीचंही लिहीत जा.

शेवटी रक्त तपासून आणलं तेव्हा माझं ताट मला परत मिळालं. काही निघालं नाही. तो रिपोर्ट तिनं फ्रीजच्या दारावर लावलाय, येणाऱ्याजाणाऱ्याला दिसेल असा. त्यामुळं येणाऱ्याजाणाऱ्याला आता संशय यायला लागलाय.

असो. ते माणूस म्हणजे बाई आहे. नाव लिहीत नाही. भंगाराच्या यार्डात असते. तू लहानपणी तिचा चुंबक पळवलास म्हणून तुझा कान धरून तुला माझ्यापुढं उभी केली होती ती. आलेली प्रत्येक गाडी ती हातोडीनं वाजवून बघते. पितळ, जस्त बाजूला, आणि बंद तोंडाची नळकांडी तर आधी बाहेर, कारण तसलं एक भट्टीत गेलं की बाँब. गाडीवाले तिला टरकून असतात.

तिची बातमी फुटल्यावर कुणीतरी तिच्या चहाच्या ग्लासाला लाल फुली मारली. आपण नासलेल्या कास्टिंगला मारतो तीच, त्याच डब्यातला रंग. ती त्याच फुलीच्या ग्लासातून सगळ्यांदेखत चहा प्यायली आणि ग्लास नेऊन उदयसिंहच्या टेबलावर ठेवला. दुसऱ्या दिवशी त्यानं ते टेबलच बदललं.

पण काळजी करू नकोस, मी तिला काढलेलं नाही. घरी बसून पगार देतो म्हटलं. पगारी रजा. उदयसिंह म्हणाला, "मालक, मोठं मन हाय तुमचं." मलाही तसंच वाटलं. पत्रावळीवर जेवताना तिची आठवण झाली, आणि तिला या सगळ्यातून लांब ठेवलं ते किती बरं केलं असं मनात आलं.

यार्डाचं कामही आता भराभर होतं. गाडी आली की रिकामी. अलीकडं गिऱ्हाइकाकडून माल थोडा परत येतोय, पण उदयसिंह म्हणतो वाळू खराब आहे.

मला एवढंच कळलं नाही की ती तुझी पेशी इतकी बावळट कशी? उलटा पॅटर्न बनतो, रॅकवर बसतो, आणि आत एकही पहारेकरी नाही?

मामू


पुणे,
३ सप्टेंबर २०२४

मामू, सलाम.

मामीची हजार वेळा माफी मागते. बशीतल्या चहानंही होत नाही. वाटीतल्या, थर्मासमधल्या आणि दुसऱ्याच्या घरच्या चहानंही नाही. हे फ्रीजवर लावा आणि तो रिपोर्ट काढा.

आता तुमच्यावर रागावते. नाव न लिहिता तुम्ही सगळं लिहिलंत. कुणाच्या या आजाराची बातमी त्या माणसाच्या परवानगीशिवाय फोडणं, आणि तेवढ्यासाठी त्याला कामावरून दूर करणं, दोन्हीला कायद्यानं बंदी आहे. तुमचा मॅनेजर इतकं इंग्रजी बोलतो, त्याला हे माहीत नसेल असं मला वाटत नाही.

पेशी बावळट नाही. आत पहारेकरी आहे. त्याचं शास्त्रीय नाव तुमच्या गेटपासचा नंबर असावा तसं आहे, म्हणून पहारेकरीच म्हणूया. पेशीतून नवा विषाणू बाहेर पडायला लागला की हा गुपचूप त्याच्या गाडीत चढून बसतो. पुढच्या पेशीत गेल्यावर विषाणू उलटा पॅटर्न बनवायला घेतो, तेव्हा हा त्यात इतक्या खोडी करून ठेवतो की त्यातून निघेल तो माल भंगार. नुसता हा एक पहारेकरी जागेवर राहिला तरी विषाणूचा धंदा बसतो.

मग विषाणू काय करतो? त्याच्याशी लढत नाही. विषाणूकडं व्हिफ नावाचं एक छोटंसं प्रथिन आहे. ते पेशीच्याच रिजेक्ट खात्यात जाऊन बसतं, गोड बोलतं, आणि त्या खात्याच्या हातानं पहारेकऱ्याच्या पाठीवर लाल फुली मारवून घेतं. पेशीतही नियम तुमच्यासारखाच आहे. फुली दिसली की माल भट्टीत, चौकशी नाही. पेशी आपला पहारेकरी आपल्या भट्टीत आपल्या हातानं वितळवते, आणि तिला वाटतं आपण साफसफाई करतोय.

आणखी एक डाव ऐका. आत काय माल निघतोय त्याचे नमुने प्रत्येक पेशी बाहेरच्या भिंतीवर टांगते, म्हणजे गस्तीला कळावं. विषाणू ते नमुने उतरवतो. पण सगळे नाही हं! भिंत अगदी रिकामी दिसली तर दुसरी गस्त येते, ती रिकाम्या भिंतीवरच संशय घेते. म्हणून थोडे ठेवतो. दिसायला सगळं रीतसर.

मामू, मी विषाणूबद्दलच लिहितेय. माणसाला विषाणू म्हणू नये. विषाणूला लाज नसते, त्यामुळं त्याला दोषही देता येत नाही. मी फक्त विचारते. यार्डात आता गाडी कोण वाजवून बघतं? आणि तुमची ती पगारी रजा, ती फुली नाही तर काय आहे? त्या बाईंनी रजा मागितली होती का?

मुबशिरा


पुणे,
६ ऑक्टोबर २०२४

मामू,

महिना झाला, उत्तर नाही. फोन केला तर मामी "कामात हायत" म्हणून ठेवते. रागावला असाल तर रागावल्याचं लिहा. पण त्या बाई कुठं आहेत तेवढं तरी कळवा.

मुबशिरा


गडमुडशिंगी,
२० ऑक्टोबर २०२४

मुबशिरा बेटा,

रागावलोच होतो. शून्यातून कारखाना उभा केलेल्या मामूला भाचीनं बिनडोक पेशी म्हणावं, म्हणजे काय? पत्र खिशात घेऊन हिंडलो. यार्डाकडं मात्र गेलो नाही. रोज ठरवायचो आणि रोज दुसरं काहीतरी काम निघायचं. जायची भीती वाटत होती हे आता कळतं.

मग भट्टी बोलली. भरलेल्या भंगारात मोटारसायकलचं एक बंद नळकांडं होतं. आत तेल, तोंड बंद. भट्टीनं चूळ भरून थुंकावं तसं लोखंड थुंकलं. भट्टीवरचा हंबीरराव जवळ उभा होता, हात भाजला. डोळे वाचले. दवाखान्यात पट्टी बांधून घेताना तो मला म्हणाला, "मालक, बनाआक्का असती तर ह्ये गेटातच ऱ्हायलं असतं." तिची बातमी फुटली तेव्हा तिच्या शेजारी बसून चहा प्यायला नको म्हणणाऱ्यांत हाच हंबीरराव पुढं होता. पण त्याला नावं ठेवायला मला तोंड कुठं होतं?

तिथून उठून सरळ यार्डात गेलो आणि ढीग वाजवून बघितला. बंद नळकांडी, जस्त, रंगाच्या जाडच्या जाड थरांचे पत्रे, काय वाटेल ते. वरचा थर तेवढा चांगला, दिसायला सगळं रीतसर. गाड्या उदयसिंहच्या मेहुण्याच्या. बनाबाईनं त्यातल्या पहिल्या दोन गेटवरूनच परत लावल्या होत्या, आणि त्यानंतर तिच्या आजाराची बातमी फुटली. उदयसिंहला विचारलं तर म्हणाला, "मालक, भावना जरा बाजूला ठेवून बघूया." मी त्यालाच बाजूला ठेवला. तरीही ऑफिसातल्या पोरांनी त्याला निरोपाचा गुच्छ दिला. आता कसबा बावड्याच्या बाजूला कुठल्याशा कारखान्यात सल्लागार आहे म्हणे. तिथंही गेटवर कुणीतरी खुर्ची दिली असेल.

मला वाटलं, माणूस गेला, काम झालं. मग एक डॉक्टर बोलावून भाषण ठेवलं. कुणाचं नाव नाही, नुसती माहिती. सगळ्यांनी माना डोलावल्या, टाळ्या वाजवल्या. भाषणानंतर चहा झाला. लाल फुलीचा ग्लास परत फळीवर येऊन बसला होता, आणि चहा देणारा गडी त्याला वळसा घालून बाकीचे ग्लास उचलत होता. रॅकवर बसलेला पॅटर्न निघत नाही असं तू लिहिलं होतंस ते तेव्हा समजलं. तो ग्लास मी घेतला. रोज त्यातूनच पितो. पहिल्या दिवशी सगळे बघत होते, आता बघत नाहीत. गोळी म्हण हवं तर.

बनाबाई गडहिंग्लजला बहिणीकडं गेली होती. मी गाडी काढून गेलो. ती अंगणात भुईमुगाच्या शेंगा निवडत बसली होती. मला बघून म्हणाली, "या पावणं, बसा."

मालक म्हणाली नाही. इतक्या वर्षांनी पावणं. बसलो.

"बनाबाई, कामावर या."

"रजा हाय की मला. पगारी."

"ती रद्द केली."

"कुनी दिलती?"

"मी."

"कुनी मागितलती?"

तिनं शेंग फोडून दाणे माझ्या हातावर ठेवले. "गोळ्या मी पगार घ्यायला घेत न्हाय, मालक. काम कराय घेतोय. रोज, न चुकता. तुमी मला घरात बसीवलासा आन वर मन मोठं केलासा. पडून ऱ्हायला काय झालंतं मला?"

"चुकलं."

"हितं शेंगांफुडं म्हणू नगा. कानात बोलून घालीवलासा, आता कानात बोलून बोलवू नगा. गेटावर बोला."

निघताना म्हणाली, "आन भाचीला नाव लिव्हा माझं. समदं कळवा. नाव न लिव्हताच लई हिंडीवलासा मला." म्हणून लिहिलं.

दुसऱ्या दिवशी पाळी बदलायच्या वेळेला सगळ्यांना गेटवर बोलावलं. मी म्हणालो, बनाबाईला घरी बसवलं ही माझी चूक. आजपासून गाडी तीच बघणार, तिनं अडवली की अडली. ज्याला तिच्याबरोबर काम करायला जमत नसेल त्यानं माझ्याकडं यावं, त्यालाही रजा मिळेल, पण बिनपगारी. आजाराचं अवाक्षर काढलं नाही, ते तिचं तिच्याकडं. कुणी आलं नाही. हंबीरराव पट्टी बांधलेला हात घेऊन उगाच तिच्या खुर्चीवरची धूळ झटकत उभा राहिला. ती म्हणाली, "ऱ्हाऊ दे, दुसरा हात भाजशील."

आणि त्या दिवशी पहिली गाडी आली ती माझीच. स्वतः लिलावात जाऊन, घसा कोरडा करून मिळवलेलं भंगार. तिनं वर चढून दोनचार ठिकाणी हातोडी मारली आणि खाली उतरली.

"परत न्या."

"अगं, माझा माल हाय ह्यो."

"मग तर आधी न्या. मालकाचा म्हटलं की कोन बघत न्हाय."

बाकीचे आत गेले होते, ड्रायव्हर लांब विडी ओढत होता. मला जरा लाज वाटली, ती झाकायला हसून म्हणालो, "बनाबाई, तुमच्या गेटातनं माझी गाडी सुटत न्हाय. मग त्यो विषाणू कसा सुटला?"

बोलून गेलो आणि जीभ चावली. ती चिडली नाही. हातोडी पदराला पुसत म्हणाली, "चोरून आला असता तर धरला असता की, मालक. त्यो बँड लावून आला. गावानं अक्षता टाकून आत सोडला."

मी ड्रायव्हरला गाडी वळवायला हात केला.

तुझा मामू,
दिलदार